जागतिक वारसा स्थळं: यादी तोंडपाठ, पण विधानांच्या प्रश्नात अडतं. कसं वाचता?

शिफ्टवाला_घणसोली

नमस्कार मंडळी. महापेला नोकरी, शिफ्ट सुटली की अभ्यासिका, असं राज्यसेवेचं चाललंय. कला-संस्कृती, भूगोल, पर्यावरण, चालू घडामोडी, कुठूनही गेलं तरी एक विषय आडवा येतोच, युनेस्कोची जागतिक वारसा स्थळं. यादी झोपेतून उठवून विचारा, सांगतो. अजिंठ्यापासून मराठा किल्ल्यांपर्यंत, सालासकट. पण सराव पेपरात "पुढीलपैकी योग्य विधान/विधाने ओळखा" आलं की पाठांतर कामाला येत नाही. क्लासच्या नोट्स ४० स्थळांवर थांबल्यात, म्हणजे २०२१ नंतर कुणी हात लावलेला नाही. वर चार पुणेरी पीडीएफ फिरतायत, चारही वेगवेगळ्या.

तुम्ही हा भाग नेमका कसा करता? "मनापासून वाच" सोडून काहीही सांगा.

नौपाड्याचे_मास्तर

शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, आता घरी येणाऱ्या मुलांना बघतो. यादी सर्वांत शेवटी घ्या, आधी चौकट पक्की करा.

जागतिक वारसा करार १९७२ चा. भारताने तो १९७७ मध्ये मान्य केला. आपली पहिली नावं लागली १९८३ मध्ये: अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल. करार, मान्यता आणि पहिली नोंद ही तीन वेगळी सालं आहेत. प्रश्न काढणाऱ्याला त्यांची अदलाबदल करायला अर्धं मिनिटही लागत नाही.

निकष एकूण दहा. पहिले सहा सांस्कृतिक, पुढचे चार नैसर्गिक. दोन्ही बाजूंचा निदान एकेक निकष लागला तर स्थळ मिश्र. भारतात असं एकच आहे, सिक्कीममधलं खांगचेंडझोंगा राष्ट्रीय उद्यान, २०१६. पर्वत, हिमनद्या आणि वन्यजीव हे एका अंगाला, तर तिथल्या लोकांनी तो डोंगर पवित्र मानला हे दुसऱ्या अंगाला. हे कारण कळलं की "मिश्र म्हणजे जंगलात देऊळ" असला गैरसमज होत नाही.

समितीत २१ सदस्य देश असतात. सांस्कृतिक स्थळांची तपासणी आयकोमॉस करते, नैसर्गिक स्थळांची आययूसीएन. इक्रोम ही तिसरी संस्था जतन आणि प्रशिक्षणाची. आणि यादीत नाव लागलं म्हणून युनेस्को ताबा घेत नाही. मालकी आणि जपणुकीची जबाबदारी त्या त्या देशाकडेच राहते. हे विधान उलटं करून घातलं तर भलेभले होकार देऊन बसतात.

धौलपूर_हाऊस_व्हाया_कोपरी

मास्तरांशी सहमत, फक्त सालांचा एवढा बाऊ नको. माझं मत: ४४ सालं पाठ करणं हा या विषयातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. मार्क जातात ते "एक नाव, अनेक जागा" वाल्या स्थळांत. माझ्या वहीचं पहिलं पान असं आहे:

पश्चिम घाट, २०१२. चार राज्यांत मिळून ३९ घटक: केरळ २०, कर्नाटक १०, तमिळनाडू ५, महाराष्ट्र ४. आपले चार म्हणजे कास, कोयना, चांदोली, राधानगरी. घाट गुजरात आणि गोव्यातही आहे, पण वारसा यादीत त्या दोन राज्यांचा एकही घटक नाही. यावर फसवं विधान तयार करायला डोकंसुद्धा लागत नाही.

पर्वतीय रेल्वे. दार्जिलिंग १९९९, निलगिरी २००५, कालका-शिमला २००८. तीन गाड्या, पण यादीत मोजायचं एकच.

चोळ मंदिरं. तंजावर १९८७. गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम २००४ मध्ये जोडली.

नंदादेवी १९८८, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स २००५ मध्ये त्याच नोंदीत.

राजस्थानचे सहा किल्ले, २०१३: चितोड, कुंभलगड, रणथंबोर, गागरोण, आमेर, जैसलमेर. यात जोधपूरचा मेहरानगड नाही, हे आवर्जून लिहून ठेवा.

होयसळ, २०२३: बेलूर, हळेबीडू, सोमनाथपूर.

आणि चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, २०१६. ते एकट्या भारताचं नाहीच. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या १७ वास्तूंची मिळून ती एक नोंद आहे.

एवढं आलं की अर्धे प्रश्न सुटतात. उरलेली बरीच स्थळं एकेकटी आहेत, त्यांचं राज्य आणि राजवंश पुरे.

खोपटचा_खेळिया

+१. गिनतीसाठी माझी भर: २०२५ अखेर ४४ पैकी ३६ सांस्कृतिक, ७ नैसर्गिक, १ मिश्र. सांस्कृतिक पाठ करत बसूच नका, नैसर्गिक सात पाठ करा: काझीरंगा, मानस, केवलादेव, सुंदरबन, नंदादेवी, पश्चिम घाट, ग्रेट हिमालयन. यातलं नसेल आणि खांगचेंडझोंगाही नसेल, तर सांस्कृतिक. संपलं.

गडवेडा_दिवा_जंक्शन

किल्ल्यांवर कुणी लिहिलंच नाही, म्हणून आलो. ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत भारताचं ४४ वं स्थळ म्हणून "मराठा लष्करी भूप्रदेश" लागलं. किल्ले १२. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत.

सगळीकडे नावांची नुसती माळ दिलेली असते. त्याने काही कळत नाही. मुळात नामांकन काय म्हणतं ते बघा: मराठ्यांनी जशी जमीन मिळेल तसा किल्ला बांधला, आणि हे सगळे मिळून एक व्यवस्था होती. म्हणून प्रकार लक्षात ठेवायचे. डोंगरी: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, जिंजी. प्रतापगड डोंगरी खरा, पण जंगलाने वेढलेला, म्हणून त्याचा प्रकार वेगळा धरलाय. पन्हाळा डोंगरी पठारावरचा. विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. आणि चारी बाजूंनी पाणी असलेले तीन: खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. "विजयदुर्ग हा बेटावरील किल्ला" असं आलं तर चूक.

जिंजी का, हा प्रश्न मुलाखतीतसुद्धा येऊ शकतो. १६८९ मध्ये रायगड मोगलांकडे गेला आणि राजाराम महाराज जिंजीला गेले. वेढा १६९८ पर्यंत चालला. म्हणजे तेवढा काळ मराठ्यांचं राज्य जिंजीवरून हाकलं गेलं. हे माहीत असलं की तमिळनाडूतला किल्ला या यादीत उपरा वाटत नाही.

आणखी एक, कुठल्याच पीडीएफमध्ये नीट नसलेलं: १२ पैकी ८ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि ४ राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. राज्याकडचे चार म्हणजे साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड.

कळवा_कारशेड

सिंहगड राहिला की. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये आहे.

गडवेडा_दिवा_जंक्शन

यादीत सिंहगड नाही. तोरणा नाही. जंजिरा तर नाहीच, तो सिद्दीकडे होता आणि मराठ्यांना कधी घेता आला नाही. नोट्समधली ती ओळ खोडून टाका आणि वर्गात शेजारी बसणाऱ्यालाही सांगा.

सानपाड्याची_ऋजुता

मला एक कळत नाही. आपण ठाण्या-नवी मुंबईत राहून हे सगळं पीडीएफवरून का वाचतोय? महाराष्ट्रात सात स्थळं आहेत: अजिंठा, वेरूळ, घारापुरी, सीएसएमटी, पश्चिम घाट, ओव्हलभोवतीच्या गॉथिक-आर्ट डेको इमारती आणि आता किल्ले. त्यातली तीन लोकल आणि लाँचच्या टप्प्यात. पनवेल लोकल सीएसएमटीच्या एक-दोन नंबरला लागते, माणसं उतरतात आणि खाली बघत बाहेर पडतात.

एकदा दहा मिनिटं थांबून बघा. उपनगरी तिकीटघराचा तो उंच हॉल, वर लाकडी छत, खाली रांगेत भांडणारी माणसं. बाहेरच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, म्हणजे ब्रिटन आणि भारत. कमानींवर मोर, माकडं, पानं-फुलं. कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, काम सुरू १८७८, यादीत नाव २००४. निकष दोन आणि चार लागलेत: युरोपची गॉथिक शैली आणि भारतीय राजवाड्यांची घडण यांची सरमिसळ, आणि तो त्या प्रकारचा उत्कृष्ट नमुना. पुस्तकात "निकष २: मूल्यांची देवाणघेवाण" वाचून काहीही कळत नाही. त्या मोराखाली उभं राहिलं की कळतं.

तिथून चालत ओव्हलला जा. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, जुनं सचिवालय. पश्चिमेला भराव टाकून काढलेल्या जमिनीवरच्या आर्ट डेको इमारती. मध्ये क्रिकेट. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाची मुंबई मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी आहे. एकूण ९४ इमारती, नोंद २०१८ ची.

धौलपूर_हाऊस_व्हाया_कोपरी

ऋजुता, वाचायला छान वाटलं, पण परीक्षा जवळ आलेल्या माणसाला ओव्हलवर पाठवू नकोस. सिंह आणि वाघ यांना पूर्वपरीक्षेत शून्य मार्क आहेत. चुकलेल्या उत्तराला आयोग पाव मार्क कापतो तो मात्र नक्की कापतो.

सानपाड्याची_ऋजुता

पूर्वच्या हिशोबाने बरोबर. पण राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीय ना? तिथे "शहरी वारशाच्या जतनातील अडचणी" असं आलं तर तू काय, साल आणि निकष लिहिणार? ज्याने रोज लाखो लोक वापरतात ते स्टेशन वारसा म्हणून बघितलंय, त्याच्याकडे लिहायला मुद्दा आहे: वापरातली वास्तू जपायची तर गर्दी, नवीन वायरिंग, जाहिराती, पाण्याची गळती यांच्याशी रोज तडजोड. ताजमहालाला ही अडचण नाही. तिथे कुणी आठ सदतीसची पकडायला पळत नाही.

नौपाड्याचे_मास्तर

दोघीही आपापल्या जागी बरोबर आहात, पण ऋजुताताईंचा मुद्दा जरा पुढे नेतो. मुख्यसाठी मुलांना मी दोन स्थळं खोलात करायला सांगतो, मानस आणि हंपी. दोन्ही "धोक्यातील वारसा" यादीत जाऊन परत आली. मानस १९९२ मध्ये गेलं, कारण बोडो आंदोलनाच्या अशांत काळात उद्यानाचं नुकसान आणि शिकार. २०११ मध्ये बाहेर आलं, दरम्यान गेंडे पुन्हा आणून सोडले होते. हंपी १९९९ मध्ये, कारण परिसरात बांधले जाणारे पूल. २००६ मध्ये बाहेर. एकाला हिंसाचार नडला, दुसऱ्याला विकास. जतनाच्या कुठल्याही प्रश्नाला ही जोडी चालते.

जगातून नाव कायमचं काढलेली तीन सुद्धा लिहून ठेवा: ओमानचं अरबी ओरिक्स अभयारण्य २००७, जर्मनीतलं ड्रेस्डेन २००९, इंग्लंडचं लिव्हरपूल २०२१. ड्रेस्डेनला एका नव्या पुलापायी नाव गमवावं लागलं. हंपीच्या शेजारी हे उदाहरण ठेवलं की उत्तराला वजन येतं.

ऐरोली_खाडीकाठ

उशिरा आलो. याद्यांच्या गोंधळावर कुणीच बोललं नाही, आणि आपल्या भागातली पोरं तर तिथेच हमखास घसरतात. ठाणे खाडी! फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं. २०२२ मध्ये ती रामसर स्थळ झाली, महाराष्ट्रातलं तिसरं. आधी नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार. तेव्हापासून इथल्या निम्म्या लोकांना वाटतं खाडीला "युनेस्कोचा दर्जा" मिळालाय. नाही मिळालेला. रामसर करार वेगळा, १९७१ चा, पाणथळ जागांसाठी, आणि तो युनेस्को चालवत नाही.

मी वहीत पाच रकाने आखलेत: जागतिक वारसा, संभाव्य यादी, रामसर, जीवावरण क्षेत्र, अमूर्त वारसा. एकेक नाव घ्यायचं आणि ज्या ज्या रकान्यात बसेल तिथे टिक. केवलादेव आणि सुंदरबनला वारसा आणि रामसर दोन्हीत टिक येते. लोणार फक्त रामसर. कुंभमेळा (२०१७), कोलकात्याची दुर्गापूजा (२०२१), गरबा (२०२३) हे अमूर्त, तो करारच वेगळा, २००३ चा. पुण्याच्या भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची हस्तलिखितं यातल्या कशातच नाहीत, ती "मेमरी ऑफ द वर्ल्ड" या युनेस्कोच्या दस्तऐवजांच्या यादीत. म्हणजे सहावा रकाना.

येऊरचे डोंगर आणि कर्नाळा? दोन्ही वारसा यादीत नाहीत. कर्नाळा सह्याद्रीतलं असलं तरी ३९ घटकांत नाही.

संभाव्य यादीत मात्र आपल्या जवळची मंडळी आहेत. माथेरानची छोटी गाडी कधीपासून तिथे वाट बघतेय, कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून, आणि पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनचा बेसॉल्ट २०२५ मध्ये आला. संभाव्य यादीत असल्याशिवाय नामांकन करता येत नाही, पण तिथे असणं म्हणजे दर्जा मिळणं नव्हे.

शिफ्टवाला_घणसोली

रकान्यांची कल्पना जबरदस्त. माझा गोंधळ बहुतेक इथेच होता. अभयारण्य दिसलं की मी नैसर्गिक वारसा समजून मोकळा. आज रात्रीच्या शिफ्टला वही घेऊन जातो.

एक शंका: पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे, १८५३. मग ठाणे स्टेशन वारसा यादीत का नाही?

खोपटचा_खेळिया

कारण १६ एप्रिल १८५३ चं काहीच आता तिथे शिल्लक दिसत नाही, फक्त गर्दी तेवढी ऐतिहासिक. :)

नौपाड्याचे_मास्तर

गंमत बाजूला, शंका चांगली आहे. घटना महत्त्वाची असणं पुरत नाही. जागेवर ते महत्त्व दाखवणारं अस्सल काहीतरी टिकून असावं लागतं, आणि जपण्याची व्यवस्थाही. सीएसएमटीसुद्धा पहिल्या गाडीसाठी यादीत नाही, इमारतीसाठी आहे. पहिली गाडी सुटली तेव्हा ती इमारत नव्हतीच.

कोपरखैरणेची_आई

मी परीक्षा देत नाही, लेक नववीत आहे, तिच्या प्रश्नमंजूषेसाठी शोधत इथे आले. एवढं सगळं तिला झेपणार नाही. नववीच्या मुलीला कुठून सुरुवात करून देऊ?

ऐरोली_खाडीकाठ

ताई, घारापुरीपासून. नोंद १९८७ ची. पहिला प्रश्न तिलाच विचारा: एलिफंटा कुठल्या जिल्ह्यात? मुंबई म्हणेल. उत्तर रायगड, उरण तालुका. बोट गेटवेवरून सुटते म्हणून सगळे फसतात. अटल सेतूवरून शिवडीकडून उलव्याला येताना उजव्या हाताला जो डोंगराळ हिरवा बेट दिसतो, तोच. मग वेरूळ: एकूण ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, कैलास १६ नंबरला. अजिंठा सगळं बौद्ध. वेरूळ आणि अजिंठा यांत मुलं इथेच गोंधळतात.

जमलं तर हिवाळ्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोटीने न्या. रामसर म्हणजे काय ते तिला वेगळं शिकवावं लागणार नाही.

सानपाड्याची_ऋजुता

कोपरखैरणेच्या ताई, कोरा नकाशाही द्या तिला. स्टेशनरीच्या दुकानात भारताचे आराखडे सुटे मिळतात. नावाऐवजी छोटं चित्र काढायला सांगा: कोणार्कला चाक, काझीरंग्याला गेंडा, पाटणला पायऱ्या उतरणारी राणीची वाव, आसामात मोइदमचा मातीचा ढिगारा. मोइदम २०२४ चं, आहोम राजघराण्याची दफनस्थळं. त्या वर्षीची बैठक दिल्लीत झाली होती, भारतात पहिल्यांदाच.

धौलपूर_हाऊस_व्हाया_कोपरी

नकाशाला माझाही पाठिंबा. आसाममध्ये तीन आहेत, काझीरंगा, मानस, मोइदम, हे यादीतून कधीच डोळ्यांत भरलं नव्हतं. राज्यवार प्रश्नाला नकाशाशिवाय पर्याय नाही.

धागाकर्त्याला एक सूचना: पाठांतर झालं की स्वतः खोटी विधानं लिही. "राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांत मेहरानगडाचा समावेश होतो", "पश्चिम घाटातील घटक सहा राज्यांत आहेत", अशी. जे विधान खोटं करायला तुला सुचतं, ते पेपर काढणाऱ्यालाही सुचतं.

शिफ्टवाला_घणसोली

करतो. एक ओळ आत्ताच: "ठाणे खाडी हे महाराष्ट्रातील आठवे जागतिक वारसा स्थळ आहे." जमली का?

आणि येत्या सुट्टीच्या सोमवारी अभ्यासिकेतली चार-पाच पोरं मिळून घारापुरी करावी म्हणतोय. कुणी येतंय का?

गडवेडा_दिवा_जंक्शन

विधान मस्त. सोमवार नको, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. अजिंठाही सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवार ठेवा, सकाळची पहिली लाँच धरा, मी येतो.